शाबूत जागा

धाकट्या लेकीचं लग्न ठरलं, त्याच वर्षी ह्यांचं हृदय थकलं. चौथ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दुधासारखं औषध हलक्या हातानं शिरेत सोडलं. “काका, चरबीच्या कवचातले बारीक बुडबुडे आहेत. रक्ताबरोबर फिरतील, सोनोग्राफीच्या पडद्यावर चमकतील, मग श्वासावाटे निघून जातील.” ह्यांचा जन्म सायकलच्या ट्यूबा पाण्यात बुडवून पंक्चर शोधण्यात गेलेला, बुडबुडा दिसला की भोक सापडलं. पडद्यावर हृदय चमकलं, टोकाशी एक डाग मात्र काळाच राहिला. “अगं, सगळीकडे पंक्चर! तेवढीच जागा शाबूत,” हे हसले. बाईंनी मला दाराबाहेर नेलं. “काकू, उलटं आहे. बुडबुडा जात नाही तिथं रक्तही पोचत नाही. तो भाग मेलाय.” आत हे शर्टाची बटणं लावत होते. “काय म्हणाल्या?” “तुमचंच बरोबर,” मी म्हटलं. लग्नानंतर नवव्या दिवशी सकाळी, दुकान उघडताना, माझा नवरा गेला.