गजेंद्राचं पुढचं पान

वास्तुशांतीची जेवणं आटोपली आणि नंदूच्या बायकोनं पाहुण्यांच्या हातात रिटर्न गिफ्टच्या पिशव्या ठेवायला सुरुवात केली. अहल्याआत्यांनी आपली पिशवी उघडली. आत काचेची फ्रेम होती आणि फ्रेममध्ये त्यांच्या माहेरच्या पोथीचं पान होतं.

क्षणभर वाटलं, नक्कल असेल. पण गजेंद्राच्या सोंडेवर तोच तुपाचा डाग होता. तो लहानपणी त्यांनीच पाडला होता आणि त्यापायी वडिलांचा मारही खाल्ला होता.

"नंदू! रावपुऱ्याच्या जुन्या घरातली पोथी ही?"

"हो आत्या! कपाटात पडून कसर लागली असती. नाहीतरी सुटीच पानं, म्हटलं सगळ्यांच्या भिंतीवर जातील. चित्रांत खरं सोनं आहे!" नंदूचा चेहरा नुसता फुलला होता.

आत्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाढवाला गुळाची चव काय! ते सोनं भिंतीसाठी नव्हतंच. समईच्या उजेडात मागे बसलेल्या बायकांनाही चित्र दिसावं म्हणून ते होतं. ज्यांना कुणी अक्षर शिकवलं नाही, त्या चित्र बघत बघत ऐकायच्या. आणि या शहाण्यानं मागचा मजकूर पुठ्ठ्याखाली गाडून वर खिळे ठोकले!

त्यांनी हात धुतले, पूजेचा पाट ओढला, फ्रेमचा पुठ्ठा उचकटला आणि पान पाटावर ठेवून त्या खणखणीत आवाजात वाचायला लागल्या. सुभानपुऱ्यातल्या नव्या फ्लॅटच्या त्या चकचकीत हॉलमध्ये पिशव्या वाटणं थांबलं. मगरीनं पाय धरला, हत्तिणी सोडून गेल्या, गजेंद्रानं सोंडेत कमळ धरून देवाचा धावा केला. तिथं पान संपलं.

"आंटी, पछी शुं थयुं?" शेजारच्या फ्लॅटमधल्या गुजराती बाईंना पुढं काय झालं ते ऐकल्याशिवाय राहवेना.

"पुढचं तुमच्यापैकी कुणाच्या तरी पिशवीत आहे. आणि आमच्यात अध्याय अर्धा टाकून कुणी उठत नाही. बघा आपापल्या पिशव्या."

चपला घालणारेही ओशाळून परत फिरले. एकेक फ्रेम बाहेर आली, पाटाशी पानं जमू लागली. पुढचं पान मात्र त्यात नव्हतं.

नंदूनं मान खाली घातली. "विष्णू गरुडावरून येतो ना, ते? ते सगळ्यात सुंदर होतं. म्हणून साहेबांना दिलं. ते जेवून लगेच गेले."

"फोन लाव."

"अगं आत्या, साहेबांना दिलेलं परत कसं मागायचं? नोकरीचा प्रश्न आहे माझ्या."

शेजारच्या बाई पिशवी बाजूला सारून आत्यांजवळ खाली टेकल्या. आत्यांनी पान झाकलं नाही. मांडी नीट घातली, पदर सावरला.

"नको लावूस. मी बसले आहे इथं. तो हत्तीही पाण्यात उभा आहे."