पूर्वेला गेलेलं दूध

दूध काही वर यायला तयार नव्हतं. तीन विटांच्या चुलीवर पितळेचं पातेलं, खाली कोरडी बाभूळ, आणि सप्तापुरातल्या देसाई सरांच्या परसात गल्लीतली पंधरा-वीस माणसं माना वाकवून त्या पातेल्याकडे बघत होती. पातेलं नव्या खोलीत होतं आणि सगळी आत मावणारच नव्हती. खोली होती आठ बाय बारा. वर मंगळुरी कौलं, खाली शहाबादी फरशी, आणि बांधलेली होती ती जळण ठेवायला.

"लाकडांचा गृहप्रवेश!" सर सकाळपासून तिसऱ्यांदा म्हणाले. बाळाचार्यांचे मंत्र चालू होते, त्यामुळे कुणी हसलं नाही.

निम्मी खोली जळणाची, हे खरं. उरलेली निम्मी सरांना हवी होती. एकतीस वर्षं त्यांनी पॉलिटेक्निकमध्ये फळ्यावर बांधकाम आणि सुतारकाम शिकवलं, पण स्वतःच्या हातानं साधा पाट केला नव्हता. निवृत्तीच्या महिन्यात हौसेनं घेतलेला रंधा, पटाशी, करवत पलंगाखाली पडून होती. त्यांना ठोकाठोक करायला एक जागा हवी होती, आपली, बंद दाराची. त्यांच्या बायकोचं, हेमावतींचं जळण दर पावसाळ्यात भिजायचं आणि न्हाणीघर धुरानं भरायचं, म्हणून त्यांनी सरळ अट घातली होती.

"खोली तुम्ही बांधा. सरळ झाली तर निम्मी तुमची. वाकडी झाली तर सगळी माझ्या लाकडांची. आणि सरळ की वाकडी ते सिद्राम सांगेल."

सिद्राम गवंडी. सरांनी त्याला कामावर घेतलं नव्हतं, तरी तो रोज संध्याकाळी कंपाउंडच्या भिंतीवर बसून काम बघायचा आणि एक अक्षर बोलायचा नाही. त्याचं ते न बोलणं सरांना फार झोंबायचं.

भिंती ओळंब्यात होत्या, दार नीट लागत होतं. फरशी घालताना सरांनी पाण्याची नळी लावून चारही कोपरे एका पातळीत असल्याचं तपासलं होतं. आज सिद्रामनं बघून निकाल द्यायचा, एवढंच राहिलं होतं. पण काल दुपारी हेमावतींनी अचानक जाहीर केलं की आधी दूध उतू घालवायचं. नवी वास्तू ती नवी वास्तू, मग आत माणूस राहो की लाकूड.

पातेल्यात कडेनं फेस धरला. "पूर्वेला गेलं तर उत्तम," बाळाचार्य म्हणाले. "उत्तरेलाही चालतं. दक्षिणेला मात्र..."

फरशी सपाट असेल तर दूध चहूबाजूंनी सांडायला हवं, हे सरांना समजत होतं. आणि दाराला टेकून उभ्या असलेल्या सिद्रामलाही. बाकी सगळे पूर्वेसाठी देवाला विनवत होते, आणि सर दुधाला. चारी बाजूंनी सांड रे बाबा, गोल सांड!

"हालु उक्कितु! उक्कितु!" दूध वर आलं म्हणून बायका कानडीत ओरडल्या.

दूध फुगलं, काठाशी आलं आणि एकाच बाजूनं उतरलं. विटेवरून फरशीवर, आणि फरशीवरून थेट पूर्वेच्या भिंतीपर्यंत. एक थेंब इकडे नाही, एक थेंब तिकडे नाही.

"छलो आतु, छान झालं! फार सुलक्षणी वास्तू!" बाळाचार्यांनी हात जोडले. शेजारच्या वेणूबाई म्हणाल्या, आमच्या बंगल्याचंसुद्धा इतकं सरळ गेलं नव्हतं हो. कुणीतरी सरांचा हात हातात घेऊन हलवला. सरांचं तोंड मात्र एवढंसं झालं होतं.

सिद्राम उकिडवा बसला. एक डोळा मिटून त्यानं दुधाचा ओघळ न्याहाळला आणि सरांच्या कानाशी आला.

"दोन बोटं उतार हाय, सर. नळीत हवेचा बुडबुडा ऱ्हायला असंल. आमचाबी ऱ्हातोय कधी कधी. हेमावतीअक्कांना काय सांगू?"

"तू नको. मीच सांगतो."

माणसं गूळ-पोहे खायला पुढच्या अंगणात गेली. हेमावती ओल्या फडक्यानं चुलीभोवतीचं दूध टिपत होत्या. सर दारात उभे राहिले. साठीच्या माणसाला एका खोलीसाठी रडू यावं याची त्यांना लाज वाटली.

"हेमा, हरलो मी. ते शुभ वगैरे काही नाही. फरशीला उतार आहे, म्हणून दूध तिकडे गेलं. सगळी खोली तुझी."

"आचार्य सुलक्षणी म्हणाले की. सगळ्या गल्लीनं ऐकलं. आता हिला वाकडी म्हणायची कुणाची छाती आहे? ठोकाठोकीचं टेबल मांडा तुमच्या निम्म्या भागात."

"अगं, पण उतार आहे ना!"

"आहे की. काल फरशी धुतली तेव्हाच कळलं मला. बादली ओतली, तर सगळं पाणी पूर्वेला पळालं."

"मग?"

"मग काय," हेमावती फडकं पिळत म्हणाल्या, "हात पुसले आणि बाळाचार्यांना निरोप धाडला."