तेवीसशे नापासांचा पुढारी

"बारावीला, पीयूसीत तीनदा आपटलात?" बाळाचार्यांनी चष्मा नाकावर ओढून विचारलं.

सुधींद्रचा उप्पिटाचा चमचा तोंडाजवळच थांबला. शेजारी बसलेल्या अंबूताईला, म्हणजे त्याच्या आत्याला, ठसका लागला.

हुबळीत लॅमिंग्टन रोडच्या मागं बाळाचार्य वकिलांचं घर. त्यांच्या दीपश्रीला बघायला हे दोघं धारवाडहून आले होते. बशा आल्या, शिरा आला, आणि शिऱ्यामागून लाल फीत बांधलेली एक फाईल आली. फाईलीत इंटरनेटवरच्या, ऑर्कुटच्या पानांची प्रिंट.

"खोटं आहे ते, साहेब."

"आणि हे? गोव्याच्या मुलाखतीला निघालात, अळणावर स्टेशनला चहाला उतरलात, घाईत समोरच्या गाडीत चढलात, ते परत धारवाडला?"

"तेही खोटं."

"लिहिलंय कुणी मग?"

"मीच."

"अय्यो देवरे," अंबूताई पुटपुटली आणि पिशवीतनं मार्क्स कार्डं काढून टेबलावर मांडायला लागली. सगळीकडं फर्स्ट क्लास. एमएस्सीला युनिव्हर्सिटीत दुसरा रँक.

भानगड अशी होती. सुधींद्र धारवाडात सप्तापुरात राहायचा, कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवायचा. दोन हजार सहा साली त्यानं ऑर्कुटवर कम्युनिटी काढली, 'यशाची गणितं'. सहा मेंबर झाले, त्यांतले दोन एकटा श्रीनिधीच, त्याचा मित्र. एका संध्याकाळी कंटाळून त्यानं लिहिलं, मी पीयूसीत नापास झालो होतो. सकाळी बघतो तर चाळीस जण. "धीर धरा अण्णा." "आमचंबी तसंच झालं हो." सुधींद्रनं कम्युनिटीचं नाव बदलून 'आपटलो रे!' ठेवलं आणि दर आठवड्याला नवीन ठिकाणी आपटायला लागला. जन्मात कधी कुठं आपटला नव्हता, त्यामुळं सगळं बनवावं लागायचं. वर्षभरात तेवीसशे माणसं जमली.

दीपश्रीचा फोटो अंबूताईनं आणल्यापासून तीन महिने तो लॉगॅरिदमच्या पुस्तकात जपून ठेवलेला होता. दुसरं कुठलंच स्थळ बघायला तो तयार नव्हता.

"म्हणजे नापास नाही, खोटारडे आहात," बाळाचार्य म्हणाले.

"अप्पा," दारातनं आवाज आला, "मी बोलू का यांच्याशी? दोघंच."

मागच्या अंगणात कर्दळीशेजारी दोन खुर्च्या टाकल्या.

"अळणावरचं वाचून मी रडले होते की हो," दीपश्री म्हणाली.

"सॉरी."

"अहो, चांगलं लिहिलंत म्हणून सांगतेय. रोज किती माणसं वाढतात?"

"सहा-सात."

"कशानं जास्त वाढतात? परीक्षेत आपटल्यावर का नोकरीत?"

"लग्नाबिग्नात आपटलं की जास्त वाढतील असं वाटतं," सुधींद्र म्हणाला, "पण तसलं मला लिहायला जमत नाही. अनुभव नाही."

ती हसली. त्याच्या कामाची इतकी चौकशी आजवर कुणी केली नव्हती. स्टाफरूममध्ये तर 'काय सर' याच्या पुढं कुणी जात नसे. तो सांगत सुटला. कुणाला उत्तर द्यायचं, कुणाला नाही, सगळं सांगितलं.

"पण अप्पांना हे चालायचं नाही," ती हळूच म्हणाली. "कोर्टात लोक विचारतील, वकीलसाहेब, जावई आपटलेला शोधलात होय? सोडाल?"

सुधींद्रला आकडा आठवला. तेवीसशे! मग त्यानं तिच्याकडं बघितलं.

"सोडतो की. आजच डिलीट करतो."

"अय्यो, डिलीट नको! बिचारी माणसं आपलं रडं घेऊन जातील कुठं? कुणाच्या तरी नावावर करून द्या. माझी मैत्रीण आहे, स्मृती. घरीच असते. नीट सांभाळेल."

निघताना दीपश्रीच्या आईनं अंबूताईची ओटी भरली. बसमध्ये बसल्या बसल्या अंबूताईनं पदर उघडून दाखवला.

"बघ. साधा ब्लाउजपीस नाही घातला. गुळेदगुड्डचा खण आहे. ठरलं समज."

"त्यांनी कळवतो म्हटलंय, अंबूताई."

"तोंडानं सगळे कळवतोच म्हणतात रे. एवढा भारी खण नाही म्हणायला देतं का कुणी?"

संध्याकाळी सप्तापूरच्या सायबर कॅफेत श्रीनिधी म्हणाला, "अरे, होकार तर येऊ दे."

"खण आलाय."

"खणावर काय सही असती का शिक्का?"

सुधींद्रनं ऐकलं नाही. आधी निरोपाची पोस्ट लिहिली. 'मित्रांनो, मी आयुष्यात कधीच नापास झालो नाही. सगळं खोटं होतं. माफ करा.' पाच मिनिटांत खाली उत्तर आलं, 'अण्णा, असं स्वतःला फसवू नका. आम्ही आहोत.' मग तशीच आणखी तीस. सुधींद्रचे डोळे भरून आले. त्यानं स्मृतीचं नाव शोधलं, कम्युनिटी तिच्या नावावर केली आणि श्रीनिधीला चहा पाजला.

आठ दिवस काहीच कळलं नाही. अंबूताई म्हणाली, मुहूर्त बघत असतील. नवव्या दिवशी सुधींद्रला राहवलं नाही. कम्युनिटीतली माणसं बरी आहेत ना, एवढंच बघून यावं म्हणून तो कॅफेत गेला.

तीन हजार एकशे मेंबर. कम्युनिटीचं नाव बदललेलं, 'बघून गेले'. स्मृतीच्या नावानं आलेली पहिलीच पोस्ट त्यानं उघडली.

'स्थळ क्रमांक सात. लेक्चरर, दुसरा रँक. मुलगा खरंच सालस होता, नाही म्हणताना जिवावर आलं. पण लग्न न करताच तेवीसशे माणसं मिळत होती.'