समुद्र मोकळा करताना

अनाहेरानं हात पुढे केला आणि दमयंतीबाई चटकन मागे सरकल्या.

"काय म्हणतेय ही?" त्यांनी मुलाला विचारलं.

नितीशनं अनाहेराचं इंग्रजी मराठीत सांगितलं. "आई, ती म्हणतेय, पाण्यात आधी तू उतरायचंस. मग बाकीचे."

टौरंगाच्या त्या किनाऱ्यावर नुकतंच उजाडलं होतं. वाळूवर कयाक, वल्ह्याच्या छोट्या होड्या, पालथ्या घातलेल्या होत्या आणि त्यांच्यामागे लाइफजॅकेट घातलेले पर्यटक गप्प उभे होते. याच आठवड्यात पलीकडच्या खडकांवरून लाटेनं दमयंतीबाईंच्या यजमानांना, जगदीशरावांना, ओढून नेलं होतं. मुलाकडे राहायला आलेला म्हातारा माणूस, इथं त्यांना कुणी ओळखतही नव्हतं. तरी बातमी कळताच इथल्या माओरी वडीलधाऱ्यांनी राहुई पाळायला सांगितलं: माणूस सापडेपर्यंत पाण्यात कुणी उतरायचं नाही, मासे धरायचे नाहीत. कायद्याची सक्ती नव्हती. अनाहेराच्या कयाक-सहलींचा ऐन हंगाम होता. तिनं त्याच दुपारी कयाक पालथ्या घातल्या.

परवा जगदीशराव सापडले. काल अंत्यसंस्कार झाले. आज पहाटे अनाहेराच्या काकांनी प्रार्थना म्हणून राहुई उठवली.

दमयंतीबाई नुसत्या आभार मानायला आल्या होत्या.

"तिला सांग," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी आता अशी. मी पुढे झालेलं चालत नाही. धंदा आहे तिचा, वाईट होईल."

नितीशनं अडखळत सांगितलं. 'अशी'ला इंग्रजी शब्द त्याला सापडेना. अनाहेराचा चेहराच उतरला.

"ज्याचं माणूस गेलं, त्यालाच तुमच्याकडे मागे उभं करतात?"

"काय म्हणाली?" दमयंतीबाईंनी विचारलं.

"काही नाही," नितीश म्हणाला. मग अनाहेराकडे वळून म्हणाला, "ही मंडळी खोळंबलीयत. आमच्यापायी तुमचं आधीच खूप नुकसान झालंय. तुम्ही सुरू करा, आम्ही बाजूला होतो."

"यातले निम्मे तेच आहेत, ज्यांना मी परत पाठवलं होतं. का बंद ठेवलंय ते इथंच उभं राहून सांगितलं त्यांना. आज आपणहून आलेत. कयाक काय, पुढच्या किनाऱ्यावरही मिळते. लोक माझ्याकडे येतात ते आम्ही या पाण्याशी कसं वागतो ते बघायला. तेच मी मोडलं, तर माझ्याकडे राहिलं काय?"

ती दमयंतीबाईंजवळ आली आणि सावकाश बोलली. नितीशनं या वेळी शब्द न् शब्द सांगितला. "या पाण्यानं तुमचं माणूस नेलं. तुम्ही उतरल्याशिवाय ते आमच्यासाठी मोकळं होत नाही."

दमयंतीबाईंचा हात कपाळाकडे गेला. काल घरी जमलेल्या बायकांपैकी एकीनं त्यांचं कुंकू पुसलं होतं, आणि त्यांनी ते निमूट पुसू दिलं होतं. त्या अनाहेराकडे बघत राहिल्या. ही बाई आपल्याला हे सगळ्यांदेखत सांगतेय, यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता.

मग त्यांनी चपला काढल्या. निऱ्या जराशा वर धरल्या आणि चालू लागल्या.

पाणी चांगलंच गार होतं. पहिल्या लाटेबरोबर त्यांचा श्वास अडकला. नितीश धावला, पण अनाहेरानं त्याला दंडाला धरून थांबवलं. पाणी पोटऱ्यांपर्यंत येईतो दमयंतीबाई आत गेल्या. तिथं बराच वेळ पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. खांदे हलत होते.

शेवटी त्या वळल्या. काठावर कुणीही जागचं हललं नव्हतं. सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

"या," दमयंतीबाई म्हणाल्या.

मराठी तिथं एकट्या नितीशला कळत होतं. पण अनाहेरानं वाकून पहिली कयाक सुलटी केली.