हवेची चावी

सुनेचं काम म्हणजे मुंगीची चाल, ही सासूबाईंची रोजची तक्रार. हवेवर चालणाऱ्या ग्राइंडरचं चाक बदलायचं, तर ही आधी हवा बंद करणार, वर पाइपही काढून ठेवणार. "तेवढ्यात माझं दोनदा घासून झालं असतं!" आजही आवाज थांबलेला ऐकून त्यांनी बाहेरच्या भिंतीवरची हवेची चावी तणतणत उघडली आणि त्या आत वर्कशॉपमध्ये डोकावल्या. सुटा पाइप मासळीसारखा फरशीवर तडफडत होता. सुनेच्या मांडीवर ग्राइंडर मुका पडला होता आणि तिची बोटं चाकावर होती.

"आई, हवा कोणी सोडली?"

सासूबाईंनी आधी धावत जाऊन चावी बंद केली.

"मी सोडली. माझं ऐकून पाइप तसाच ठेवला असतास, तर तुझी बोटं गेली होती. पुन्हा या चावीवर माझा हात दिसला, तर पाना घालून मोड तो!"