पाण्याआधीचा बहार

पाणी सोडलंच नव्हतं, तरी भैयाजींची बाग फुलली.

काटोल रस्त्यावरची ती संत्र्याची बाग सकाळी पांढरीफटक दिसत होती. पान एक नाही, नुसती फुलं. फांद्यांवर तर होतीच, खोडांवरही फुटली होती. वास इतका की त्यांच्या बायकोने, जनाबाईने, नाकाला पदर लावला.

संत्र्याला बहारासाठी ताण देतात. थंडीत पाणी तोडायचं. झाड घाबरतं, पानं गाळतं, मग पाणी सोडलं की फुलतं. सगळेच करतात, पण भैयाजींचं सगळंच जास्तीचं. शेजाऱ्यांनी कधीच पाणी सोडलं, हे आपले हटून बसलेले. जनाबाई मागे लागली की म्हणायचे, "थांब वं. जितकं तरसवलं तितकं देते झाड."

पोरालाही त्यांनी तसंच ठेवलं होतं. सौरव नागपुरात डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करत होता, एका बिनखिडकीच्या खोलीत. मोबाईल काढून घेतलेला. दोस्त बंद. संक्रांतीलाही घरी यायचं नाही. आई डबा घेऊन निघाली, तर तिला बसमधून उतरवून आणलं. माणूस वाईट नव्हता, हट्टी मात्र भलता.

"पाहिलं काय?" भैयाजी हरखून म्हणाले आणि फुलं दाखवायला त्यांनी एक फांदी वाकवली. ती कटकन मोडली.

त्यांनी खोडाची साल नखाने खरवडली. आत हिरवं नव्हतं. दुसरं झाड पाहिलं, तिसरं पाहिलं. सगळं कोरडं, तपकिरी. मरायला टेकलेलं एखादं झाड असं फुलतं, हे त्यांना ठाऊक होतं. अख्खी बाग फुललेली त्यांनी कधी पाहिली नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. सौरव घरमालकिणीच्या फोनवरून बोलत होता.

"बाबा, साऱ्या क्लासमधून पहिला आलो." तो हसत होता. हसणं थांबतच नव्हतं. "आता भूक लागत नाही, झोपबी लागत नाही. कोणाची आठवणबी येत नाही. बहुत हलकं वाटून राहिलं, बाबा."

"काय म्हणते पोरगा?" जनाबाईने विचारलं.

भैयाजी अनवाणीच रस्त्याकडे पळत सुटले होते. फोन कानाला तसाच.

"मी येऊन राहिलो, सौरव. तू नापास हो गा, पण त्या खोलीतून बाहेर ये."