दुसरा अल्टरनेटर

"हा कशाला बसवलाय?" बॉनेटखाली बोट दाखवत स्वरूपाने विचारलं.

दुकानवाल्या सुजितने फडक्याला हात पुसले आणि उत्तर द्यायचं सोडून तिलाच विचारलं, "गाडी इकताय व्हय ताई?"

म्हणजे हा टाळतोय. तिने ते मनात नोंदवलं.

सकाळीच पिंपरीतल्या जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने तिला हात जोडले होते. "मॅडम, ही काय वरातीची गाडी आहे? एक अल्टरनेटर गाडीला वीज देतो, दुसरा नुसता स्पीकरला! आधी हे सगळं काढून आणा." सीटखालच्या आवाज वाढवायच्या मशिनवर निघोज्यातल्या या दुकानाचं स्टिकर होतं. म्हणून ती थेट इथे आली.

गाडी तिच्या वडिलांची. मारुतराव चाकणच्या एका कंपनीची स्टाफ बस चालवायचे. त्यांना जाऊन महिना होत आला होता. घरात टीव्ही लागला की "काय कटकट आहे" म्हणून उठून जाणारा माणूस. त्याने गाडीत एवढा बाजा बसवला, तोही आईला न सांगता?

आई म्हणाली होती, "जेवले की खाली जायचे. काचा लावून गाडीत बसायचे. विचारलं तर म्हणायचे, काम आहे."

स्वरूपा नागपूरला असे. तिचा फोन ते कधीच उचलायचे नाहीत. कापायचे, आणि थोड्या वेळाने स्वतः करायचे. मागे इंजिनाची घरघर. "गाडीत आहे, बोल." रविवारीसुद्धा गाडीतच. एवढं कुणाला भेटायला जातात, हे तिने कधी विचारलं नाही. पण प्रश्न मनातून गेलाही नाही. आता उत्तर द्यायला ते नव्हते, आणि आईला विचारायची तिची छाती नव्हती.

"मागच्या सीटला एकही स्पीकर नाही," ती म्हणाली. "चारही ड्रायव्हरकडे तोंड करून. असली कुठली गाणी ऐकायचे ते? आणि कुणाबरोबर?"

"काका गाणी ऐकत न्हवते, ताई."

"मग म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यात हे कशाला मारलंत?"

सुजितने बॉनेट हळूच खाली घेतलं.

"कुणाला बोलू नको म्हणले होते. आता काय... काकांना ऐकू येत न्हवतं. कानात यंत्र घातलं तर कंपनी बसवरनं उतरवंल, ही धास्ती. म्हणून फोन ह्या स्पीकरला जोडून घेतला. तुमचा फोन. दर दिवाळीला यायचे, अजून वाढव म्हणायचे. शेवटाला गाडीची वीज पुरंना. तुमी बोलता बोलता आवाज बसायचा. तवा हा दुसरा टाकला."

स्वरूपाने गाडीच्या दाराला हात टेकवला.

"मी म्हणलं, काका, बास की आता, पोरीचं बोलणं तर सगळं कळतंय. तर म्हणले, 'बोललेलं कळतं रे. पण बोलायच्या आधी ती जरा थांबते ना, तेव्हा ती नुसती दमलेली असते का रडत असते, ते ऐकू आलं पाहिजे.'"